पाच पैशांचे तिकीट, अकरा पैशांचे पाणी

१५ नोव्हेंबर १९७१ पासून साध्या पत्रावरही नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावावे लागे. त्यावर निर्वासित कुटुंबाचे चित्र असे. बेळगावहून निघणारी पत्रेही त्याला अपवाद नव्हती. हा पैसा निर्वासितांच्या मदतीसाठी होता.

मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू झाली आणि डिसेंबरपर्यंत सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. कलकत्त्याजवळच्या सॉल्ट लेक भागात तर काही कुटुंबांनी सिमेंटच्या मोठ्या नळांत बिऱ्हाड मांडले. उपासमार, गर्दी, पावसाळा आणि दूषित पाणी एकत्र आले, की पटकी दूर राहत नाही.

पटकीत शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात. काही तासांतच रोगी दगावू शकतो. शिरेतून सलाइन देणे हा तेव्हाचा रूढ उपाय. पण त्याला निर्जंतुक बाटल्या, सुया व शिकलेले हात लागतात. सीमेवरील बनगावच्या रुग्णालयात रोगी जमिनीवर पडले होते आणि सलाइन संपत आले होते. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडावाटे द्यायचे पाणी वापरण्याचे ठरविले. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. खर्च सुमारे अकरा पैसे!

यामागील शास्त्र असे : ग्लुकोज आतड्यातून रक्तात जाताना मिठातील सोडियमला बरोबर नेते व त्यांच्यामागोमाग पाणी जाते. पटकीतही हा मार्ग बंद होत नाही. १९६८ पर्यंत ढाका व कलकत्ता येथे हे रुग्णांवर सिद्ध झाले होते; परंतु तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. बनगावात मात्र हे पाणी रोग्यांच्या आया व नातेवाईक पेल्याने पाजीत होते. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते ३.६ वर आले. हा काटेकोर तुलनात्मक प्रयोग नव्हता, हे खरे. पण रोग्यांना निम्म्या गटात वाटून उपचार नाकारणे तेथे कोणास शक्य होते?

१९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिसारविरोधी मोहिमेत हाच उपाय स्वीकारला.

युद्धकाळात मदत किती पाठविली, हे आपण मोजतो. ती संकटग्रस्त कुटुंबाच्या हाती देता येण्याजोगी आहे काय, हेही विचारले पाहिजे. त्या जादा तिकिटांपैकी दोनांच्या किमतीत जवळजवळ एक लिटर पाणी तयार होत होते. आणि ते पाजावयास आईचा हात पुरेसा होता.