कागद गिळणारा प्रिंटर

प्रश्न : उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जुना लेझर प्रिंटर कागद अडकवतो, करकरतोही. भंगारात काढू का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी प्लग काढा, अर्धा तास थांबा. टोनर कागदावर पक्का करणारा फ्युझर २०० अंशांच्या आसपास तापतो. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, तो जातो त्याच दिशेने सावकाश ओढा. ट्रेचा रबरी रोलर चकचकीत झाला असेल तर ओलसर फडक्याने पुसा. तरीही घसरला तर कागद सुटे करणाऱ्या पॅडसकट बदला. पावसाळ्यात उघडी रिम दमट होते, तीही तपासा; गिऱ्हाईक दारात असताना कोण बघतं म्हणा! आता आवाज. दुसरा टोनर लावून करकर थांबली, तर दोष टोनरचा. नाहीतर फ्युझरजवळच्या प्लॅस्टिक गिअरचे दात पाहा, झिजलेले दिसतील. तेल मात्र घालू नका. गिअर मिळाला तर प्रिंटर ठेवा. बोर्डही गेला असेल तर खुशाल काढा.