जुन्या ट्रॅक्टरची पूर्ण थ्रॉटलवर घटणारी शक्ती : निदानाचा क्रम

जबलपूर परिसरातील खोल काळ्या जमिनीत 'हवेली' नावाची एक जुनी पद्धत आहे. पावसाळ्यात शेतांना उंच बांध घालून पाणी साठवावयाचे, पावसाळा सरताना ते सोडून द्यावयाचे आणि वापसा येताच गहू, हरभरा किंवा मसूर पेरावयाचा. सोयाबीनचा प्रसार झाल्यानंतर या पद्धतीचे क्षेत्र घटले. तथापि जमिनीचा स्वभाव बदललेला नाही. पूर्व विदर्भातील बांध्यांमध्ये धानानंतर लाखोळी किंवा हरभरा घेणाऱ्या शेतकऱ्यास तो सांगावा लागत नाही. वापसा चार-सहा दिवसांचा असतो. तो चुकला की नांगराखाली ढेकळे निघतात आणि पेरलेले बी कोरड्यात पडते. नेमक्या याच दिवसांत वीस-पंचवीस वर्षे वयाचा ट्रॅक्टर रिकामा असताना उत्तम आवाज देतो आणि अवजार जमिनीत उतरताच मान टाकतो.

अशा वेळी बहुधा थेट 'पंप उतरवा' किंवा 'इंजिन बांधून घ्या' असा सल्ला मिळतो. दोन्ही कामे खर्चाची आहेत. त्यांत दिवस जातात आणि अनेकदा मूळ दोष कायम राहतो.

प्रथम एक भेद स्पष्ट करावा. अवजार लागल्यावर इंजिनाच्या फेऱ्या टिकून राहतात आणि ट्रॅक्टरचा वेग मात्र पडतो, असे असेल तर दोष इंजिनात नाही. क्लच घसरत आहे किंवा चाके घसरत आहेत. दोन-तीन किलोमीटर चालवून मागील चाकांच्या ब्रेक ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. एक बाजू विशेष तापली असेल तर ब्रेक धरून आहे. फेऱ्याच पडत असतील, तरच पुढील तपासणीस अर्थ आहे.

त्यानंतर थ्रॉटलची जोडणी पाहावी. जुन्या ट्रॅक्टरमध्ये दांड्यांचे सांधे झिजतात. हाताचा लिव्हर शेवटपर्यंत ओढला तरी इंधन पंपावरील लिव्हर आपल्या थांब्याला टेकत नाही. एकाने लिव्हर ओढावा, दुसऱ्याने पंपाकडे पाहावे. मग भाराविना पूर्ण थ्रॉटलवर फेऱ्या मोजाव्यात. गव्हर्नरच्या रचनेमुळे या फेऱ्या निर्धारित फेऱ्यांपेक्षा काहीशा अधिक असतात. निर्धारित फेऱ्या 2000 असतील तर भाराविना साधारणपणे 2150 ते 2200 मिळतात. त्या कमी भरल्या तर जोडणी, थांबा किंवा गव्हर्नर यांकडे वळावे. परंतु त्या बरोबर भरल्या म्हणजे इंधनमार्ग निर्दोष ठरला, असे मात्र समजू नये.

याचे कारण आकड्यांत दडलेले आहे. सुमारे 35 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पूर्ण भारावर ताशी 8 लिटरच्या आसपास डिझेल घेते. रिकामे फिरताना त्याला याच्या पावपटही पुरते. अर्धा तुंबलेला फिल्टर तेवढे सहज देतो. हवेचे गणित याहून वेगळे आहे. 2.4 लिटर क्षमतेचे चार-स्ट्रोक इंजिन 2000 फेऱ्यांवर, भार असो वा नसो, मिनिटाला सुमारे 2400 लिटर हवा ओढते. भार वाढला की डिझेल वाढते, हवा तेवढीच राहते. एक किलो डिझेल जाळण्यास सुमारे 14.5 किलो हवा लागते आणि डिझेल इंजिनास धूर टाळण्यासाठी त्याहून बरीच अधिक द्यावी लागते. म्हणून कोंडलेल्या हवेचा दोषही भाराखालीच उघड होतो.

या दोन उपासमारींमधील फरक सायलेन्सरवर दिसतो, आणि हीच संपूर्ण निदानाची किल्ली आहे. भाराखाली फेऱ्या पडत असताना काळा धूर दाट होत असेल तर डिझेल पोहोचते आहे. हवा कमी आहे किंवा नोझल नीट फवारत नाही. फेऱ्या पडूनही धूर स्वच्छ राहत असेल तर डिझेलच अपुरे पडत आहे. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा, म्हणजे चुकलेल्या टायमिंगचा किंवा कमी कॉम्प्रेशनचा. निळा धूर इंजिन ऑइलचा. ही पाहणी शेतात, अवजार जमिनीत असतानाच करावी. अंगणात थ्रॉटल झटक्याने ओढून निघणारा धूर फसवा असतो.

धूर स्वच्छ असल्यास टाकीपासून सुरुवात करावी. टाकीच्या झाकणातील वायुछिद्र मातीने बुजले असेल तर टाकीत निर्वात निर्माण होऊन डिझेल अडते. झाकण सैल करून एक फेर नांगरावा. शक्ती परतली तर दोष सापडला. (अशा बिनखर्ची उपायाने पंपाचे कॅलिब्रेशन वाचलेले शेतकरी ही गोष्ट सहसा सांगत नाहीत, कारण आधीच्या हंगामात ते करून झालेले असते!) त्यानंतर टाकीच्या तोटीची जाळी, सेडिमेंट बाउल, फीड पंपाची गाळणी आणि दोन्ही फिल्टर, म्हणजे प्राथमिक कापडी व दुय्यम कागदी, क्रमाने पाहावेत. कागदी फिल्टर धुऊन परत बसवू नये. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतील थर सुटून ओढीच्या वेळी मार्ग बंद करतो. टाकी व फीड पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी जोडल्यास आत शिरणाऱ्या हवेचे बुडबुडे दिसतात. तेव्हा सांधे व वॉशर बदलून प्रणालीतील हवा काढावी.

धूर काळा असल्यास एअर क्लीनर उघडावा. ऑइल बाथ प्रकारात तळाचे ऑइल खुणेपर्यंतच असावे. गाळ साचल्याने पातळी वर चढली की हवेचा मार्ग अरुंद होतो. उन्हाळी मुगासाठी कोरड्या रानात रोटाव्हेटर चालविताना ही पाहणी रोज करणे आवश्यक आहे. मे महिन्यातील 45 अंशांची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 6 टक्के विरळ असते, त्यामुळे टर्बोविरहित जुन्या इंजिनाची किंचित घट त्या दिवसांत दोष मानू नये. सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी व दीर्घकाळ उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधील पक्ष्याचे घरटे, दोन्ही परिणामाने सारखीच.

इथवर दोष आढळला नाही तर नोझल. मंद फेऱ्यांवर एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा नट सैल केल्यास फेऱ्या पडावयास हव्यात. ज्याच्या बाबतीत पडत नाहीत तो सिलिंडर दुर्बळ आहे. उच्च दाबाची डिझेलची धार त्वचा भेदून शरीरात शिरते, म्हणून हात लांब ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. व्हॉल्व्हचे अंतर, कॉम्प्रेशन आणि पंपाचे टायमिंग यांचा क्रम यानंतरच. पंपाचे सील तोडून डिझेल 'वाढवून' घेणे मात्र सर्वथा अयोग्य होय. हवा कमी असलेल्या इंजिनास अधिक डिझेल दिल्याने धूर वाढतो, पिस्टन तापतो, आणि पहिला दोष झाकला जातो.

जबलपूरच्या वाहन कारखान्यात 1969 पासून सुमारे तीन दशके तयार झालेली, सैन्याने वापरलेली 'जोंगा' लिलावातून घेऊन बाळगणारे लोकही आहेत. तिच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनास धुराची ही कसोटी लागू पडत नाही. तेथे पूर्ण थ्रॉटलवर शक्ती पडताच चोक किंचित ओढावा. इंजिन सावरले तर कार्ब्युरेटरला पेट्रोल कमी मिळत आहे.

आपल्या ट्रॅक्टरचे मूळ आकडे ठाऊक नसल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचे चाचणी अहवाल उपयोगी पडतात. 1955 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या अहवालांत त्या त्या मॉडेलची पीटीओ शक्ती, इंधनाचा खप आणि इंजिनाच्या फेऱ्या दिलेल्या असतात. प्रसार कार्यकर्त्याने गावातील प्रचलित मॉडेलांचे हे आकडे एका वहीत उतरवून, हातात धरून मोजण्याच्या टॅकोमीटरसह वापसा येण्यापूर्वी शेतावर न्यावेत.