तिरका काप घेताना बोटे सांभाळा : बंदीच्या दिवसांतला एक धडा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि घरोघर दुरुस्ती सुरू. हल्ली बऱ्याच जणांकडे टेबलाचा कटर आला आहे. बर्फाच्या पेटीचे झाकण, इंजिनावरचा खोका, केबिनची चौकट हे सगळे आपणच करतो. त्यात कोपरे जुळवायला पाते झुकवून तिरका काप घ्यावा लागतो, आणि अपघात होतो तो इथेच. मागच्या बंदीत आपल्या एका सभासदाच्या शेडमध्ये फळी उलटी उडून त्यांच्या मांडीवर बसली. थोडक्यात निभावले. पण हाताची दोन बोटे गेली तर जाळे कोण ओढणार?

पहिली गोष्ट, गाईड कुठे? पाते ज्या बाजूला झुकते, गाईड त्याच्या उलट बाजूला लावायचे. पाते डावीकडे झुकत असेल तर गाईड उजवीकडे. पाते गाईडकडेच झुकले, तर फळी पात्याखाली दाबली जाते, तिला सुटायला जागा राहत नाही आणि ती आपल्याच अंगावर फेकली जाते. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी हा लेख वाचल्याचे सार्थक झाले.

सुरू करण्याआधी. पाते झुकवताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा. कोन घट्ट आवळला की पाते एका लाकडी तुकड्याने हळूच फिरवून बघा. टेबलाच्या फटीतल्या पट्टीला, वरच्या झाकणाला किंवा गाईडला दात लागता कामा नयेत. पात्यामागची पट्टी काढून टाकायची सवय सोडा. कापलेली फट मिटून पाते आवळू नये म्हणून ती असते.

उंची. पाते झुकले की त्याची उंची कमी होते. सरळ असताना ३ इंच वर आलेले पाते ४५ अंशांवर जेमतेम २.१ इंच राहते. म्हणून उंची नव्याने लावा, दात फळीच्या थोडेच वर दिसले पाहिजेत. शिवाय १ इंचाची फळी ४५ अंशांत कापताना पात्याला जवळपास १.४ इंच लाकूड कापावे लागते. म्हणून सावकाश ढकला, जोर करू नका.

कोन तपासा. मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. रद्दी लाकडाचे दोन तुकडे ४५ अंशांत कापा, जोडा आणि गुण्या लावून बघा. अर्ध्या अंशाची चूक क्षुल्लक वाटते, पण चार कोपऱ्यांच्या चौकटीत आठ काप असतात. म्हणजे शेवटी ४ अंशांची फट, आणि त्यातून पाणी आत.

लाकूड. जुन्या होडीची फळी असेल तर आधी खिळे शोधून काढा. ओली, पिळवटलेली फळी मशीनवर घेऊ नका. जिची एक कड सरळ नाही ती गाईडला टेकत नाही, म्हणून तीही नको. होडीच्या अंगाच्या फळीचा उतार तर टोकापासून टोकापर्यंत बदलत जातो. ते काम रंध्याचे आणि जाणत्या सुताराचे, कटरचे नव्हे.

कापताना. पात्याच्या रेषेत उभे राहू नका, थोडे बाजूला उभे राहा. डोळ्यांवर चष्मा हवा. हातमोजे, लुंगी, गळ्यातली साखळी नको. शेवटचा वीतभर भाग हाताने नाही, ढकलकाठीने पुढे न्या. पात्याखाली पडलेला तुकडा उचलायचा मोह होतो. मशीन बंद करा, पाते पूर्ण थांबू दे, मगच हात घाला. पावसाचे दिवस आहेत, ओल्या जमिनीवर उभे राहून मशीन चालवू नका आणि अर्थिंग तपासून घ्या.

काम झाले की पाते पुन्हा सरळ करून ठेवा. संध्याकाळी धाकटा भाऊ किंवा मुलगा मशीनवर येतो, पाते झुकलेले आहे हे त्याला ठाऊक नसते.

पहिल्यांदाच तिरका काप घेणाऱ्याने एकट्याने घेऊ नये, जाणत्या माणसाला शेजारी उभे करावे. आपल्या बोटीवरच्या पोरांनाही हे वाचून दाखवा. १ ऑगस्टला सगळ्यांनी दहाही बोटांनिशी दर्यावर जायचे आहे.