हेराची टोपी

दिवाळीच्या सुटीनंतर एक पालक आम्हांस भेटावयास आले. म्हणाले, "गुरुजी, माझ्या मोबाइलवरून पैसे भरून मुलानें टोपी घेतली म्हणतो, पण घरांत टोपी कोठेंच नाहीं." टोपी होती, परंतु ती खेळांतील एका पात्राच्या डोक्यावर! पुढें व मागें कड, कानांवरच्या पट्ट्या वर बांधलेल्या, असें वर्णन मुलानें मान खालीं घालून केलें, तेव्हां आम्हीं ती ओळखली. ती शेरलॉक होम्सची.

असल्या टोप्यांचा व्यापार लहान नाहीं. 'टीम फोर्ट्रेस 2' हा खेळ 2007 सालीं निघाला. 2009 मध्यें त्यांत टोप्या आल्या, व पुढल्याच वर्षीं त्या विकण्याचें दुकान खेळांतच उघडलें. नुसत्या शोभेच्या टोपीनें पात्राचें बळ वाढत नाहीं. मग ती घ्यावयाची कशाला? "सर्वांना कळतें, हा डिटेक्टिव्ह आहे," असें उत्तर मुलानें दिलें.

त्याचें उत्तर चुकीचें नव्हतें. या टोपीस डिअरस्टॉकर म्हणतात. ती रानांत शिकारीला जाणाऱ्यांची. कॉनन डॉइल यांच्या होम्सकथांत हें नांव एकदांही येत नाहीं. 1891 मधील एका कथेंत होम्स आगगाडीनें खेड्याकडे निघतो, तेव्हां त्याच्या डोक्यावर घट्ट बसणारी कापडी टोपी आहे, एवढेंच लेखक सांगतो. 'स्ट्रँड' मासिकाचे चित्रकार सिडनी पॅजेट यांनीं तिची डिअरस्टॉकर केली. लंडन शहरांत मात्र पॅजेट त्याला उंच हॅट देतात. 1899 पासून विल्यम जिलेट यांनीं होम्सचें नाटक गाजविलें, आणि ही टोपी रंगभूमीवरही आली.

नाटकाला अशी खूण हवीच. विष्णुदास भाव्यांनीं 1843 मध्यें सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें. त्या काळच्या नाटकांत आरंभीं गणपति येई, मोरावर सरस्वती येई. प्रेक्षकांना कोण आलें हें विचारावें लागत नसे.

पण हेराचें काम याच्या उलट. सांगली जिल्ह्यांतच, खानापूर तालुक्यांत, बाणूरगडावर शिवाजी महाराजांच्या हेरांचे नाईक बहिर्जी यांची समाधि आहे. 1664 च्या स्वारीपूर्वीं ते वेष पालटून सुरतेंत फिरले, असें सांगतात. डोक्यावर हेराची टोपी असती, तर वेशीवरच धरले गेले असते! खुद्द होम्सही 1891 मधील दुसऱ्या एका कथेंत दारू प्यालेला मोतद्दार होतो, पुढें पाद्री होतो. मोतद्दाराच्या वेषांत वॉट्सनलाही तो चटकन ओळखतां येत नाहीं. (पाद्रीसाहेबांचें नांव निघतांच आमचा वर्ग हंसतो.)

हें ऐकून तो मुलगा म्हणाला, "म्हणजे खरा डिटेक्टिव्ह ही टोपी घालणारच नाहीं!" वडिलांचें समाधान एवढ्यानें झालें नाहीं. पैसे परत मिळण्याचें चिन्ह नव्हतें. तेव्हां पुढील दोन महिने खाऊच्या पैशांतून ते फेडावयाचे, असें बापलेकांमध्यें आमच्यासमक्ष ठरलें.