घाम खेळाडूचा, पैसा कोणाचा?

प्रश्न : माझा भाचा टेनिसच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकतो. तिथे कॉलेजच्या खेळाडूंना आता पैसे मिळतात म्हणे. शिकायला गेलेल्या मुलांना ते द्यावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘शिक्षण फुकट मिळतंय, आणखी काय हवं?’ असं सांगून तिथे वर्षानुवर्षं मुलांची बोळवण झाली. एड ओबॅनन यांचंच पाहा. ते यूसीएलए विद्यापीठाचे माजी बास्केटबॉलपटू. मित्राच्या घरी व्हिडिओ गेममध्ये त्यांना चक्क स्वतःचीच प्रतिकृती दिसली : तीच अंगकाठी, तोच ३१ क्रमांक, तोच डावखुरा हात. गेम विकला जात होता, त्यांना मात्र छदामही मिळाला नव्हता. २००९ मध्ये ते कोर्टाची पायरी चढले.

पुढे २०२१ मध्ये खेळाडू स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमवू लागले. १ जुलै २०२५ पासून कॉलेजंही त्यांना कमाईतला थेट वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा दर कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. यातला मोठा हिस्सा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, कारण गल्ला तिथेच जमतो. टेनिस, पोहणं यांची त्यात आबाळ होईल, ही भीती मला रास्त वाटते.

भाचा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर जपून. त्या व्हिसावर कामावर कडक बंधनं आहेत. रॅकेट कंपनीसाठी साधा फोटो काढून देण्याचा करारही अंगाशी येऊ शकतो. सही करण्याआधी त्याने विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात आणि इमिग्रेशनच्या वकिलाकडे कागद दाखवावेत.