दहा मिनिटांचा नत्र आणि ताऱ्यांची भट्टी

ताऱ्यांच्या पोटांत लांकूड किंवा कोळसा जळत नाहीं. तेथें अणूंचे गर्भ एकमेकांस मिळून नवे गर्भ बनतात व त्या संयोगांतून तेज बाहेर पडतें. आपल्या सूर्याच्या गाभ्याची उष्णता सुमारें १ कोटि ५० लक्ष अंश आहे. अशा स्थळीं काय घडतें, हें पृथ्वीवर बसून पारखावें कसें?

हान्स बेथे यांनीं १९३९ सालीं गणितानें दाखविलें कीं, सूर्याहून मोठ्या ताऱ्यांत कर्ब व नत्र यांच्या साह्यानें हायड्रोजनचें हेलियम होतें. या चक्रांत कर्बाचा गर्भ एक प्रोटॉन गिळून नत्र-१३ बनतो. येथें १३ हा आंकडा गर्भांतील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या होय. हा नत्र किरणोत्सर्गी व अल्पायुषी असतो. दर दहा मिनिटांत त्याचा निम्मा सांठा आपोआप कर्ब-१३ होऊन जातो. शांतपणें जळणाऱ्या ताऱ्यांत त्यास तेवढी सवड मिळते.

परंतु कधीं कधीं एखाद्या लहान, घन अशा श्वेत ताऱ्यावर शेजारच्या ताऱ्यांतील हायड्रोजन सांचत जाऊन अकस्मात् स्फोट होतो. यास नवतारा म्हणतात. त्या वेळीं उष्णता दहा कोटि अंशांच्याही वर जाते, आणि नत्र-१३ क्षय पावण्यापूर्वींच दुसरा प्रोटॉन गिळून प्राणवायु-१४ होतो. हा फांटा केव्हां फुटतो हें कळल्यावांचून स्फोटाचें गणित सुटत नाहीं. तें कळण्यास या संयोगाचा वेग ठाऊक पाहिजे. आणि त्याविषयीं पंडितांचे अंदाज परस्परांशीं जुळत नव्हते.

प्रयोगांत मोठी अडचण होती. सामान्यतः एखाद्या पदार्थाचें लक्ष्य मांडून त्यावर प्रोटॉनचा मारा करतात. पण येथें लक्ष्यच पाहतां पाहतां नाहींसें होणार! तेव्हां शास्त्रज्ञांनीं प्रयोग उलटा केला. नत्रालाच बाण केलें आणि हायड्रोजनला लक्ष्य केलें.

बेल्जममधील लूव्हाँ-ला-नव्ह येथें दोन सायक्लोट्रॉन यंत्रें जोडण्यांत आलीं. पहिल्यानें कर्ब-१३ वर प्रोटॉनचा मारा करून नत्र-१३ निर्माण केला. तो वायु त्वरेनें ओढून, त्याचे अणु विद्युत्भारित करून दुसऱ्या यंत्राकडे पाठविला. त्यानें त्यास वेग देऊन हायड्रोजनयुक्त पातळ पापुद्र्यावर सोडलें. जेथें संयोग घडला तेथून गॅमा किरण निघाला, आणि ते किरण मोजण्यांत आले. १९९१ सालीं हें मापन प्रसिद्ध झालें. अंदाजाच्या जागीं प्रत्यक्ष आंकडा आला.

पुढें कॅनडांतील व्हँकूव्हर येथें, ज्याचा निम्मा सांठा अवघ्या २२ सेकंदांत सरतो त्या सोडियम-२१ चाही झोत करून असेंच मापन झालें. अमेरिकेंतील मिशिगन येथें दुर्मिळ अणुगर्भांचे झोत निर्माण करणारें एक विशाल यंत्र २०२२ सालीं सुरू झालें.

हा केवळ दूरच्या आकाशाचा प्रश्न आहे, असें समजूं नका. आपल्या रक्तांतील लोह व अस्थींतील चुना ज्या मूलद्रव्यांचे आहेत, तीं ताऱ्यांतच घडलीं. तीं कोणत्या क्रमानें व किती प्रमाणांत घडलीं, हें सांगणाऱ्या प्रत्येक गणितांत असे संयोगांचे वेग मांडावे लागतात. आंकडा चुकीचा असेल, तर रीत कितीही शुद्ध असो, उत्तर चुकणारच. म्हणूनच दहा मिनिटांत निम्म्यावर येणाऱ्या नत्रासाठीं एवढा खटाटोप करावा लागला.