साळुंकी आणि भोरडी : ओळख व राखण

मैनेच्या कुळातील पक्षी पुणे शहरात व भोवतालच्या शिवारात नित्य दिसतात. परंतु सर्वांस सरसकट ‘साळुंकी’ म्हणण्याची रीत असल्याने पिकाचा मित्र कोणता व नुकसान करणारा कोणता, याविषयी घोटाळा होतो. ज्वारी हुरड्यावर आली असता हा घोटाळा महाग पडतो.

खरी साळुंकी अंगाने तपकिरी व डोक्याने काळी असून तिची चोच, पाय आणि डोळ्यामागील उघडी कातडी पिवळी असते. उडताना पंखावरील पांढरा डाग स्पष्ट दिसतो. जुन्या भिंतींतील भोकांत किंवा झाडाच्या ढोलीत ती घरटे करते. अंडी निळी, बहुधा चार-पाच. नांगरामागे चालत ती उघड्या पडलेल्या अळ्या वेचते व चरणाऱ्या गुरांच्या पायांशी उडणारे नाकतोडे टिपते. टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून अठराव्या शतकात तिला मॉरिशस बेटावर नेण्यात आले होते. पिकलेली फळेही ती खाते, हे मात्र नाकारता येत नाही.

भांगपाडी मैना आकाराने लहान. डोक्यावर काळी, मागे वळलेली शेंडी व पोट तांबूस-पिवळसर. बोलणारी काळी डोंगरी मैना दाट जंगलातील असून पुण्याच्या शिवाराशी तिचा संबंध नाही. तिला धरणे वा पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा होय.

भोरडी ही पाहुणी. ती मध्य आशियाकडून पावसाळा सरताना येते, एप्रिलच्या सुमारास परतते व येथे घरटे करीत नाही. अंग गुलाबी, डोके, पंख व शेपटी काळी. घोटाळा होतो तो तिच्या कोवळ्या पक्ष्यांमुळे, कारण ते मातकट रंगाचे असतात. त्यांचे डोके काळे नसते व डोळ्यामागे पिवळी कातडीही नसते, एवढे ध्यानात ठेवावे. भोरड्या शेकड्यांच्या थव्याने हिंडतात. नाकतोडे, वड-पिंपळाची फळे, पळस व पांगाऱ्याचा मध हे त्यांचे खाद्य. तथापि रब्बी ज्वारीचा दाणा दुधात आला की थवाच्या थवा कणसांवर उतरतो.

भोवतालच्या शेतांआधी निसवलेले एकटे शेत सर्वाधिक मार खाते. म्हणून शेजाऱ्यांनी मिळून एकाच सुमारास पेरणी करावी. राखण सूर्योदयापासून ऊन चढेपर्यंत व पुन्हा दिवस मावळण्यापूर्वी नेटाने करावी; भर दुपारी माणूस अडकवून ठेवण्याचे विशेष कारण नाही. गोफण व डबा दोन्ही चालतात, मात्र राखणदाराने जागा बदलत राहावे, अन्यथा पक्षी आवाजास सरावतात. विषारी दाणे कदापि टाकू नयेत. त्यांना भोरडीबरोबर साळुंकी, होले व तित्तिरही बळी पडतात. भोरड्या सायंकाळी काटेरी बाभळींच्या राईत एकत्र मुक्कामास जातात. अशी राई जवळ असल्यास पहाटे थवा कोणत्या दिशेने निघतो ते गावपातळीवरील कार्यकर्त्याने पाहून ठेवावे व त्या बाजूच्या शेतकऱ्यांस आधी सूचना द्यावी.